घोडेवेड्या मामांसाठी लाकडी पेनसेट करतेय, डिझाइनवर मतं हवीत

खारूताई

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर नुसती वाचक होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझे मोठे मामा मार्गशीर्षात पंचाहत्तर पूर्ण करतायत. सरकारी पशुवैद्य होते, नोकरीची बरीच वर्षं शहादा-तळोदा भागात गेली. घोडा म्हणजे जीव की प्राण. वरात आली की सगळे नवरदेवाकडे बघतात आणि मामा घोड्याच्या खुरांकडे. एकदा तर वरात थांबवून मागचा पाय उचलून बघितला होता. वधूपक्ष अजून ते विसरलेला नाही.

मामा रोज रात्री टेबलाशी बसून डायरी लिहितात, आणि रोज रात्री पेन शोधतात. म्हणून टेबलावर कायमचा राहील असा लाकडी पेनसेट हाताने करून द्यायचं ठरवलंय. लॉकडाऊनमध्ये घेतलेला छोटा लेथ गॅलरीत आहे. त्यावर आजवर लाटणी, दोन रव्या आणि किट आणून केलेली आठ-दहा पेनं झाली आहेत. हातात सात आठवडे आहेत.

डोक्यातला आराखडा असा: सागवानी बैठक, ८ बाय ५ इंच. मध्यभागी कोरलेलं घोड्याचं डोकं. त्याच्या एका बाजूला नाल, नालेत दोन पेनं उभी. बैठकीच्या दर्शनी बाजूवर लेझरने चौखूर उधळलेला घोडा. पेनाच्या टोपणावर बुद्धिबळातला घोडा, क्लिप रिकिबीच्या आकाराची. जागा उरलीच तर चष्मा ठेवायला खोगिराच्या आकाराचा खड्डा.

कसं वाटतं?

पुणेरी तिरका

जागा उरलीच तर घोडाच बांधा की.

नलू आत्या

तिरक्या, गप रे. खारूताई, कल्पना छानच आहे. फक्त घोड्याचं डोकं कोरण्याबद्दल अनुभवाचे बोल ऐक. मी दोनदा प्रयत्न केलाय. पहिल्या वेळी नातवाने विचारलं, "आजी, शेळी का गं?" दुसऱ्या वेळी विचारलंसुद्धा नाही. घोड्याच्या तोंडावर मांस कमी, हाडं वर आलेली, डोळा बराच बाजूला आणि वरच्या अंगाला. तो डोळा पाव इंच पुढे आला की गाढव झालंच म्हणून समज. आणि तुझे मामा डॉक्टर. त्यांना त्या तोंडात दात किती ते पण दिसेल.

रंधा

धागा वाचला. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, आणि तो घोड्यावरूनच आलाय: खोगीरभरती.

डोकं, नाल, लेझर, बुद्धिबळ, रिकीब, खोगीर. सहा ठिकाणी सांगताय की मामांना घोडे आवडतात. मामांना ते ठाऊक आहे. अशा वस्तू घोडा न आवडणारे लोक घोडा आवडणाऱ्यांना देतात. माझे व्याही गणपतीप्रेमी म्हणून प्रसिद्ध झाले, आता त्यांच्याकडे १४० गणपती आहेत आणि वहिनी धूळ पुसून थकल्या.

सुतार म्हणून विचाराल तर बैठकीवर एकच गोष्ट बोलली पाहिजे, बाकीचं काम लाकडाने करायचं. ती एक गोष्ट कोणती ते तुम्ही ठरवा. ठरेपर्यंत लाकूड कापू नका.

खारूताई

रंधाकाका, राग नाही, पण रात्री झोप लागली नाही हे खरं. यादीतलं काय ठेवू हेच कळेना. नाल तरी ठेवू ना? शनिवारी बाजारात मिळतात त्या.

चौखूर

बाजारातली नाल अजिबात नको, आणि घोड्याच्या डॉक्टरला तर मुळीच नको. त्यातल्या कित्येक नाला घोड्याच्या पायाला कधी लागलेल्याच नसतात. ओळखायचं कसं? वापरलेली नाल पुढच्या टोकाला झिजलेली असते, कारण पाऊल उचलताना घोडा त्या टोकावरून वळतो. खिळ्यांच्या भोकांभोवती हातोडीचे ठोके दिसतात. साधारण सहा आठवड्यांनी नाल काढावीच लागते, कारण खूर नखासारखा वाढत राहतो. डॉक्टर हातात घेताक्षणी नाल उलटी करून झीज बघणार आणि कोरी दिसली की हसणार. तुमचा चेहरा तेवढा पडेल.

मी काही वर्षं रेसच्या घोड्यांजवळ काढली आहेत. तिथे शर्यतीला हलक्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ठोकतात. हवी असेल तर वापरलेली जोडी मिळवून देईन. पण आधी एक प्रश्न. मामांना "घोडे" आवडतात, ठीक. कोणता घोडा?

खारूताई

म्हणजे जात?

चौखूर

जात नाही हो. घोडा. नाव असलेला. घोड्यावर जीव असलेल्या प्रत्येक माणसाचा एक घोडा असतो, बाकीचे नंतरचे. आईला विचारा.

खारूताई

विचारलं. आई दीड तास बोलत होती. मला यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं.

घोडी होती. नाव कस्तुरी. मामांनी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. आजोबांनी स्कूटरसाठी दिलेले पैसे होते ते. आजोबा महिनाभर बोलले नाहीत. मामा तिच्यावर बसून आसपासच्या पाड्यांवर जनावरं तपासायला जायचे, पावसाळ्यात तिथे स्कूटर तशीही गेली नसती असं आई म्हणते. बदली होऊन नाशिकला आले तेव्हा घोडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिथल्याच ओळखीच्या शेतकऱ्याला दिली. विकली नाही, दिली. त्यानंतर मामांनी घोडा पाळला नाही.

एकच फोटो आहे, काळा-पांढरा, डाव्या बाजूने काढलेला. आई सांगते ती अशी: अंग तांबूस-तपकिरी, आयाळ आणि शेपूट काळीभोर, चारही पाय खाली पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. कानांची टोकं एकमेकांना टेकायची. उंची "पंधरा हात एक इंच", हे मामा अजून कुणालाही सांगतात. पण पंधरा हात म्हणजे बावीस फूट ना? आईचं काहीतरी चुकतंय.

पुणेरी तिरका

मामांनी बाजारातून जिराफ आणला होता.

चौखूर

आई शंभर टक्के बरोबर आहेत. तुम्ही म्हणताय तो कोपरापासूनचा हात. घोड्याचा हात म्हणजे तळहाताची रुंदी, ४ इंच. पंधरा हात एक इंच म्हणजे ६१ इंच, सुमारे १५५ सेंटीमीटर. तेही डोक्यापर्यंत नाही, मानेच्या मुळाशी खांद्यावर जो उंचवटा असतो तिथपर्यंत, कारण डोकं घोडा वर-खाली करतो, तो उंचवटा हलत नाही. मारवाडी घोडीला ही चांगली उंची झाली. टेकणारे कान मारवाडी आणि काठियावाडीची खूण. सारंगखेड्याच्या बाजारात दोन्ही येतात.

रंगाचं म्हणाल तर लाल अंग आणि काळी आयाळ-शेपूट म्हणजे कुमैत. त्यावर चार पाय पांढरे आणि तोंडावर पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. शुभ मानतात, बाजारात भाव जास्त. तुमच्या आजोबांचा राग रकमेवर असणार.

आता तुमचं डिझाइन झालं की. घोडा काढायचाच नाही. कस्तुरीचे रंग घ्या.

रंधा

वा! चौखूर, इथे टोपी काढली.

लाल लाकडाची बैठक, तिला चार पांढरे पाय. वरच्या पृष्ठभागावर पुढून मागे निमुळता होत जाणारा पांढरा पट्टा बसवायचा. पेन काळं, मागच्या टोकाला शेपटीसारखं निमुळतं. बस. ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांना नुसता सुबक पेनसेट दिसेल.

नलू आत्या

आणि पेनाची लांबी १५५ मिलिमीटर ठेव गं! सेंटीमीटरचे मिलिमीटर. कुणाला सांगू नकोस.

चौखूर

आत्या, साष्टांग.

शाईचा डाग

उशिरा आलो. इतका वेळ घोड्याचं चाललंय, पेनाचं कुणीच बोलत नाही. टेबलावरच्या उघड्या सॉकेटमध्ये उभं राहणारं पेन हा वेगळा प्रकार आहे. त्याला टोपण नसतं. शाईचं पेन मला जिवापाड प्रिय आहे, पण इथे नको म्हणेन. सॉकेट निबाला घट्ट बसलं नाही तर हवा लागून रात्रीतून निब सुकते, आणि माणूस रोज सकाळी झटके मारून भिंत रंगवतो. शिवाय लाकडात शाई थेट भरता येत नाही, लाकूड ती पिऊन टाकतं. आत कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची वेगळी नळी लागते, आणि पेन जाड होतं, शेपटीचा आकार गेला.

जेल रिफिलही उघडी राहिली की कधीकधी अडते. साधी बॉलपेनची, घट्ट तेलकट शाईची, मोठी जाड रिफिल घ्या. सुमारे ९८ मिमी लांब, ६ मिमी जाड, पार्करच्या पेनात बसते ती. कुठल्याही स्टेशनरीत मिळते. पंचाहत्तरीच्या माणसाला दुकानदाराने "ही आता येत नाही" म्हणता कामा नये.

खारूताई

धन्यवाद! मामा बॉलपेनच वापरतात, जोरात दाबून लिहितात, मागच्या तीन पानांवर उमटतं.

लाकडाचं सांगा. लाल म्हणजे शिसवी? काळ्यासाठी आबनूस मिळत नाहीये.

जर्सीतली सई

मध्येच विचारते, असाच एक सेट माझ्या सासऱ्यांसाठी इकडे न्यूजर्सीला मागवला तर शिसवी चालतं का? कुणीतरी बंदी आहे म्हणालं.

रंधा

सई, बंदी नाही, नियम आहेत. शिसवीचं सगळं कूळच २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. तयार वस्तूंना नंतर वजनाच्या मर्यादेत सवलत दिली. पण एका पेनसेटसाठी कस्टमला समजावत बसण्यापेक्षा साग घ्या.

खारूताई, शिसवीत जांभळट झाक असते, घोड्याचा लाल त्यात येत नाही. खैर लाल खरा, पण मिळवायची कटकट. माझं मत बाभूळ. नाक मुरडू नका. तिचा गाभा लालसर तपकिरी, तेल लागलं की तापलेल्या तांब्यासारखा दिसतो. चिवट इतकी की बैलगाडीची चाकं आणि औतं तिचीच करत.

तापीकाठ

शहाद्याहून. काय सांगू भो, बाभळीसाठी दुकानात कशाला जाता? आमच्याकडे मोडलेल्या गाड्यांची चाकं खळ्यात पडून आहेत. आरे बाभळीचे, चाकाच्या घेराचे पाटे बाभळीचे, तीस-चाळीस वर्षं वाळलेले. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांच्यावर कोंबड्या बसतात. एक आरा आणि एक पाटा एसटीच्या पार्सलने पाठवतो. मामांनी या भागात जनावरं तपासलीत म्हणता, म्हणजे आमच्या बैलांनाही टोचलं असणार. पैसे-बिसे बोलू नका.

खारूताई

तापीकाठदादा, पार्सल आलं. नवऱ्याने आधी विचारलं की हे जळण कुणी पाठवलं.

एक गंमत. पाट्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे लोखंडी धाव बसलेली असते, तिथे लाकूड कोळशासारखं काळं आहे. वाटलं जळलंय. धाव तापवून चढवतात ना. पण आऱ्यावर जिथे खिळा होता तिथेही तसंच काळं वर्तुळ, आणि तो काही तापवून मारत नाहीत. रंधा मारून बघितला, काळं आत दोन-तीन मिलिमीटर मुरलंय. पुढे एकदम लाल.

शाईचा डाग

थांबा थांबा थांबा. ते जळलेलं नाही, ती शाई आहे!

बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. तिच्या सालीने कातडं कमावतात ते त्यामुळेच. लोखंड ओलं झालं की त्याचे क्षार लाकडात उतरतात आणि टॅनिनशी मिळून काळा रंग धरतात. माजूफळ किंवा हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच क्षार) घालून जी जुनी काळी शाई करत, तिची रसायनं हीच. आपल्या पोथ्यांची शाई बहुतेक काजळीची असायची, ती वेगळी. पण ही हिराकसाची शाई कागदात खोल जाते, पुसता येत नाही.

तुमच्याकडे आबनूस नाही? बाभळीलाच काळी करा. लोखंड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस भिजत ठेवा, ते गाळून लाकडावर लावा. शाईचं पेन नको म्हणालो तेव्हापासून मला चुटपुट लागली होती. आता पेनच शाईने रंगणार.

रंधा

बरोबर. फक्त क्रम पाळा. आधी नुसतं पाणी लावून लाकडाची लव उभी करा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा, मग लोखंडाचं पाणी. नाहीतर काळं झाल्यावर लव उठते, ती घासायला गेलात की लाल दिसतं. बरणीचं झाकण सैल ठेवा, आत वायू होतो. आणि पांढरे पाय या सगळ्याच्या जवळपासही आणू नका. काळ्या लाकडाचा भुसा पांढऱ्या लाकडाच्या रंध्रांत बसला की निघत नाही.

पांढऱ्यासाठी काळा कुडा. नाव काळा, लाकूड हस्तिदंतासारखं. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच करतात. माझ्याकडे तुकडे आहेत, ठाण्याला येणाऱ्या माणसाबरोबर देतो.

खारूताई

पाच दिवस झाले. बरणीत तारेची घासणी आणि व्हिनेगर. घासणी आधीपेक्षा जास्त चकचकीत दिसतेय. बाकी काही नाही. घोडं कुठे पेंड खातंय?

रंधा

घासणी स्टेनलेस आहे हो तुमची! ती न गंजण्यासाठीच केलेली असते. साधं लोखंड घाला. खिळे.

खारूताई

😑 आऱ्यातून काढलेले गंजके खिळे होते, तेच घातले. तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं झालं. आज बाभळीच्या तुकड्यावर ब्रश फिरवला. पहिला मिनिटभर काहीच नाही, मग कडेकडेने करडं, मग जांभळट, आणि मी भाजी परतून परत येईपर्यंत काळंभोर. नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "आता गॅलरीची फरशी पण बघ." फरशीवर जिथे भुसा होता तिथे पाणी सांडलेलं, सगळीकडे काळे ठिपके. जळण म्हणाला होता त्याची शिक्षा म्हणून त्यालाच पुसायला लावणार होते, पण निघत नाहीयेत.

शाईचा डाग

माझ्या नावाला जागलात.

खारूताई

आज वाईट दिवस. पहिलं पेन गेलं.

रिफिलसाठी ६.५ मिमीचं भोक, दहा सेंटीमीटर खोल पाडायचं होतं. आकार सुंदर आला म्हणून आधी पेन खरादून घेतलं, नंतर ड्रिल लावलं. सात सेंटीमीटरवर ड्रिलचं टोक पेनाच्या बगलेतून बाहेर. वर धूर. आऱ्याचा अर्धा तुकडा शिल्लक आहे, त्यात एकच पेन निघेल.

रंधा

सगळ्यांचं एकदा होतं. आधी भोक, मग खराद, हे लेथच्या वर भिंतीवर लिहून ठेवा. लांब भोक कधीच सरळ जात नाही, रेषांच्या मागे भरकटतं. ते भरकटलं तरी हरकत नाही, कारण नंतर भोकालाच मध्य धरून बाहेरून खरादायचं. पेन भोकाभोवती उभं राहतं.

बाभूळ कडक आहे, ड्रिल हळू फिरवा. दर पाव इंचाला बाहेर काढून भुसा झाडा, टोक निवू द्या. धूर आला म्हणजे तुम्ही छिद्र पाडत नव्हता, भाजत होता.

पुढच्या टोकाला किट घेऊ नका. एखाद्या जुन्या मोडक्या पेनाचं आट्यांचं धातूचं टोक आणि त्याची आट्यांची कडी कापून घ्या. कडी अराल्डाइटने लाकडात बसवा. टोक फिरवून काढलं की रिफिल बदलता येईल.

नलू आत्या

आणि त्या दिवशी दुसरं काही करू नकोस. हात रागावलेला असला की पटाशी बोटातच जाते.

खारूताई

आत्या, ऐकलं. तीन दिवस लेथला हात लावला नाही. काल भोक सरळ गेलं. म्हणजे जरासं तिरकं गेलं, पण आता तोच मध्य. खरादून १५५ मिमीवर आलं. काळं केलं, मग मेण.

बैठक पाट्यातून निघाली, ७ इंच लांब, साडेतीन रुंद. पाट्याचा मूळचा बाक वरच्या बाजूला तसाच ठेवलाय, घोड्याच्या पाठीसारखा हलका. धावेची काळी कड मागच्या बाजूला राहू दिली. कुड्याचा पट्टा बसवताना एका जागी कागदाइतकी फट राहिली, त्यात कुड्याचाच भुसा आणि गोंद भरला. कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. आता मीच सांगितलं.

पेनाचं भोक किती तिरकं पाडू? आणि जवसाचं तेल लावलं तर चालेल ना?

रंधा

उभ्यापासून २० अंश मागे. जास्त तिरकं केलंत तर हात लागून कलंडतं. बैठकीखाली पाचर लावून ड्रिल उभंच ठेवा. भोकाच्या तळाशी चामड्याची चकती टाका, रिफिलचं टोक लाकडावर आपटत नाही.

तेल चालेल. पातळ हात, अर्ध्या तासाने कोरडं पुसायचं, दुसरा हात दोन दिवसांनी. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. खरंच घेतो, माझ्या शेजारच्या कारखान्यात झालंय. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

चौखूर

चकतीसाठी घोड्याच्या जुन्या तंगाचं, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याचं, चामडं पाठवू का? भोकात कुणाला दिसणार नाही, म्हणजे खोगीरभरतीत धरू नये.

रंधा

मंजूर.

खारूताई

मंडळी, झालं. वाढदिवस काल झाला. फोटो खाली टाकते, वृत्तांत ऐका.

पार्टी वगैरे नव्हती, घरचेच पंचवीस जण. शाली आल्या, पेढे आले, घोड्याचं चित्र असलेली तीन घड्याळं आली. रंधाकाका, तुमच्या व्याह्यांची आठवण झाली. मी शेवटी कापडात गुंडाळून दिलं. काही सांगितलं नाही, चिठ्ठी नाही.

मामांनी कापड सोडलं. पेन काढलं, तोललं, परत ठेवलं. बैठक उचलली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर उलटी केली. पाय बघितले! एकेक करून अंगठ्याने चारही. मग वरचा पट्टा. मग मागची काळी कड. सगळे बोलत होते, मामा बोलत नव्हते. मामी म्हणाली, "छान आहे हो, कुठलं लाकूड?" मामा म्हणाले, "पंचकल्याणी." मामीला वाटलं लाकडाचंच नाव.

मग चष्मा लावून परत बघितलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "फोटोवरून केलंस ना? डावी बाजू बरोबर आहे. उजव्या मागच्या पायाचा पांढरा इतका खाली नव्हता. घोट्याच्या चांगला वर होता." आणि तेच पेन उचलून, तेल लावून तीनदा घासलेल्या माझ्या बैठकीच्या कोपऱ्यावर, दाबून, एक निळी रेघ मारली. "इथपर्यंत."

आज सकाळी फोन आला. डायरी लिहून झाली, पेन सापडलं, कोपरा कधी दुरुस्त करतेस.

रंधाकाका, आता काय करू? पाय काढू का?

रंधा

पाय अजिबात काढू नका, अराल्डाइट आहे, बैठकीचा टवका निघेल. कोपऱ्यावरच दोन्ही बाजूंनी ३ मिमी खोल खाच घ्या, पायापासून वर. त्यात कुड्याची चीप बसवा, चिकटली की रंध्याने सपाट करा. जोड पायाच्या रेषेशी जुळवा म्हणजे पांढरं एकसंध दिसेल. तिथे लाकूड तेल प्यालेलं असेल, पण खाच आत कोऱ्या लाकडात जाते, गोंद धरेल. कुड्याचा तुकडा आहे का उरलेला?

आणि ती निळी रेघ पुसू नका. पटाशी रेघेच्या खालच्या अंगाने चालवा.

खारूताई

तुकडा आहे. रविवारी जाते, पटाशी तिथेच नेऊन करते. मामा म्हणालेत, मी धरतो, तू काप.

पुणेरी तिरका

उजवा मागचा पाय ना? बाजूला उभ्या राहा. लाथ बसते.